चूल धूर मारतेय? पाडू नका, आधी भेगा बघा

खानापूर, चंदगड, जोयडा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत गॅस आला, तरी मागच्या पडवीतली मातीची चूल काही गेलेली नाही. आंघोळीचं पाणी, भाकरी आणि सणासुदीचा मोठा स्वयंपाक अजून तिच्यावरच होतो. पावसाळ्यात मात्र हीच चूल घरभर धूर करते आणि मग ‘जुनी झाली, पाडून टाका’ असं ठरतं. बहुतेक वेळा ती जुनी झालेली नसते. ती भेगाळलेली किंवा तुंबलेली असते.

धूर का कोंडतो?
लाकूड नीट जळायला तोंडातून हवा आत यावी लागते आणि गरम धुराला पुढे वाट लागते. राख साचली की हवा अडते. वैलाकडे जाणारी वाट काजळीने भरली की तिकडचं भांडं तापत नाही. भांडं ज्यावर टेकतं ते तीन उंचवटे झिजले, तर बूड चुलीला चिकटून बसतं, जाळाला वाट उरत नाही आणि धूर तोंडातून परत येतो. म्हणून राख रोज काढावी, वैलाची वाट अधूनमधून खरवडावी आणि उंचवटे झिजले की नवे थापावेत. ओलं लाकूड असेल तर कितीही चांगली चूल धुमसणारच.

भेग कशी बुजवायची?
भेगेवर सिमेंट थापणं ही नेहमीची चूक. सततच्या विस्तवाने सिमेंट ठिसूळ होतं आणि मातीपासून सुटतं. त्यापेक्षा चाळलेली माती, थोडी वाळू, भाताचं तूस आणि शेण एकत्र मळून रात्रभर मुरू द्यावं. नुसती चिकणमाती वाळताना आकसते व पुन्हा तडकते. वाळू आणि तूस ते रोखतात.

चूल पूर्ण थंड असताना भेगेतली सुटी माती आणि काजळी खरवडून काढावी. काजळीवर नवी माती धरत नाही. मग जागा पाण्याने ओली करून चिखल आत दाबून भरावा. दुसऱ्या दिवशी बारीक चिरा दिसल्या तर बोटाने दाबून घ्याव्यात. तीन-चार दिवस सावलीत वाळू द्यावं, दमट हवेत जास्त. पहिला जाळ लहानच ठेवावा. आधाराला नदीतला गोटा नको; आत मुरलेलं पाणी तापलं की तो फुटून उडू शकतो.

हे विसरू नका
चिमणी असेल तर पावसाळ्याआधी आतली काजळी काढावी. साचलेल्या थराला आग लागू शकते. आणि थंडी कितीही असो, निखारे बंद खोलीत ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. चुलीजवळ डोकं दुखलं, गरगरलं, तर लगेच उघड्या हवेत यावं. डागडुजीनेही धूर कमी झाला नाही, तर चूल घराबाहेर उघड्या छपरीत हलवणंच बरं.