देवस्थानचा हिशेब आणि मुखत्यारनामा : पुणें सार्वजनिक सभेच्या उगमाविषयीं

पुणें सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० रोजीं झाली, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सभेनें सरकारकडे केलेले अर्ज, दुष्काळांत तिनें गोळा केलेली माहिती, राष्ट्रसभेच्या जन्माशीं तिचा आलेला संबंध, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ही सभा ज्या तक्रारींतून निघाली ती तक्रार राजकारणाची नव्हती. पर्वतीच्या देवाच्या कारभाराची होती. बहुतेक चरित्रकार ही गोष्ट एका ओळींत सांगतात आणि पुढें जातात. आमच्या मतें सभेच्या घटनेचा उलगडा त्या ओळींतच आहे. देवाच्या द्रव्याचा हिशेब मागणारा मनुष्य तो कोणाच्या वतीनें मागतो, या प्रश्नाला त्या वेळीं पुण्यांत जें उत्तर सांपडलें, तेंच उत्तर हातीं घेऊन तीं माणसें पुढें सरकारच्या दारीं गेलीं.

पर्वतीवरील श्रीदेवदेवेश्वराचें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधिलें. नानासाहेबांचा अंतही २३ जून १७६१ रोजीं याच टेंकडीवर झाला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनीं येथूनच पाहिली. म्हणजे पेशवाईच्या वैभवाचा आरंभ, तिला बसलेला मोठा धक्का आणि तिचा शेवट या तिन्ही प्रसंगांशीं ही टेंकडी निगडित आहे. पेशवाई होती तोंवर या देवाच्या कारभाराची चौकशी करण्याचा प्रश्न प्रजेपुढें उभा राहण्याचें कारण नव्हतें. देऊळ धन्याचें, पूजाअर्चा, नैवेद्य, नंदादीप आणि उत्सव यांचा खर्च धन्याचा, चुकलें तर जाब विचारणाराही धनीच. पेशव्यांच्या हिशेबांत देवाचा खर्च आणि राज्याचा खर्च शेजारीं शेजारीं नांदतात, तो गोंधळ नव्हे. त्या काळची ती समजूतच होती.

१८१८ नंतर धनी गेला आणि देव राहिला. कंपनी सरकारनें देवस्थानांच्या नेमणुका चालू ठेविल्या, पण देवापुढें हात जोडून उभें राहण्याचा अधिकार किंवा इच्छा त्या सरकारला असणें शक्य नव्हतें. पैसा सरकारी दप्तरांतून यावयाचा, खर्च पंचांच्या हातून व्हावयाचा, आणि ज्यांच्या श्रद्धेसाठीं हें सर्व चालावयाचें त्यांस यांत कांहींच स्थान नाहीं, अशी विलक्षण स्थिति उत्पन्न झाली.

ही स्थिति पर्वतीपुरतीच नव्हती. श्रावणांतील दक्षिणेचें उदाहरण अधिक परिचित आहे. एल्फिन्स्टननें दक्षिणेचा पैसा अजिबात बंद केला नाहीं. त्यांतूनच १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें १८४९ सालीं पुण्यांतील कांहीं नव्या विद्वानांनीं, ज्यांत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रमुख होते, सरकारकडे अर्ज केला कीं, दक्षिणेच्या रकमेचा कांहीं भाग मराठी भाषेंत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस जातिभेद न पाहतां द्यावा. शास्त्रीमंडळी खवळली, शहरांत तट पडले. शेवटीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली आणि मराठी गद्याच्या वाढीस तिचें मोठें साह्य झालें. येथें आमच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट एवढीच कीं, १८४९ च्या अर्जाखालीं सही करणारे स्वतःपुरते बोलत होते. विद्या आणि धाडस त्यांच्यापाशीं होतें; दुसऱ्या कोणाचा अधिकार त्यांच्यापाशीं नव्हता, आणि तो असावा असें त्यांस वाटलेंही नाहीं.

वीस वर्षांनीं पर्वतीच्या प्रकरणांत नेमकी हीच उणीव भरून निघाली. संस्थानचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयीं गांवांत असंतोष माजला होता. तो असंतोष हातीं घेणारे गणेश वासुदेव जोशी हे जन्मानें सातारचे (१८२८) आणि धंद्यानें वकील. सरकारी नोकरी त्यांनीं पाहिली होती आणि कोर्टाची रीत त्यांच्या अंगवळणी पडली होती. वकिलाला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते : पक्षकाराची बाजू कितीही खरी असो, वकीलपत्र दाखल झाल्याशिवाय त्याचें तोंड उघडत नाहीं. देवस्थानच्या कारभाराबद्दल बोलावयाचें तर पक्षकार कोण? देव स्वतः सही करीत नाहीं. पंच आपल्याविरुद्ध सही करणार नाहींत. राहिले ते देवाचे भक्त, म्हणजे गांवचे लोक. तेव्हां त्यांचेंच वकीलपत्र घ्यावें, हें एखाद्या शास्त्र्यास किंवा सरदारास सुचलें नसतें; वकिलास सुचलें.

सार्वजनिक सभेचा मुख्य नियम याच मुशींतून निघाला. सभासद होऊं इच्छिणारानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. तो नसेल तर श्रीमंती, पदवी अथवा विद्वत्ता यांच्या बळावर सभासदत्व मिळावयाचें नाहीं. आरंभीं पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्या मुखत्यारनाम्यांवर सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. सरासरी काढिली तर दर सभासदामागें त्रेसष्ट. अध्यक्षस्थान औंधचे श्रीमंत श्रीनिवासराव परशुराम पंतप्रतिनिधि यांस दिलें होतें, आणि सरदार-संस्थानिकांच्या नांवांनीं सभेच्या यादीला वजन आलें होतें. तरी सभेचा पाया त्या सहा हजारांवर होता. मतदानाचा हक्क ज्या काळीं या देशांत जवळजवळ कोणासच नव्हता त्या काळची ही गोष्ट आहे.

जुन्या कागदांशीं ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांस येथें महजराची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. महजरावरही गोतसभेच्या सर्व मंडळींचीं नांवें असतात. लिहितां येणारांची सही, पाटलाची व कुणब्याची नांगराची निशाणी असा सगळा गांव त्या कागदावर उतरलेला असतो. सार्वजनिक सभेचे मुखत्यारनामे हें त्याच परंपरेचें पुढचें पाऊल, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें पूर्णपणें मान्य नाहीं. महजर ही साक्ष आहे. जमलेले लोक आपणांस जें ठाऊक आहे तें देवाब्राह्मणांस स्मरून सांगतात, निवाडा होतो आणि त्यांचें काम संपतें. मुखत्यारनाम्यांत साक्ष नाहीं; सोंपवणूक आहे. सही करणारा म्हणतो, माझ्या वतीनें तूं बोल. तो अधिकार उद्याच्या, अद्याप न उद्भवलेल्या कामासही पुरतो. म्हणूनच पर्वतीच्या हिशेबासाठीं जमविलेलें बळ सारावाढीच्या तक्रारीस, मिठावरील कराच्या तक्रारीस आणि थेट पार्लमेंटकडे करावयाच्या अर्जास लावितां आलें. महजरानें हें साधलें नसतें. तरीही सही अगर निशाणी म्हणजे काय, तिनें मनुष्य कसा बांधला जातो, हें गांवकऱ्यांस महजरानेंच शिकविलें होतें, इतकें कबूल केलें पाहिजे.

पुढची हकीकत सुप्रसिद्ध आहे. १८७१ च्या अखेरीस न्यायमूर्ति रानडे पुण्यास आले. ते सरकारी नोकर असल्यामुळें सभेच्या दर्शनी भागांत दिसत नाहींत, पण सभेच्या विचारावर त्यांची छाप स्पष्ट आहे. रानडे प्रार्थनासमाजी, जोशी जुन्या वळणाचे, व्रत घेतल्यासारखे स्वदेशी जाडेंभरडें वस्त्र वापरणारे. दोघांचा देव एक, उपासना वेगळी. सभेंत त्यांचें कधीं अडलें नाहीं. १८७५ सालीं सभेनें हिंदुस्थानास पार्लमेंटांत प्रतिनिधि असावे असा अर्ज धाडिला. १८७६–७८ च्या दुष्काळांत तिनें गांवोगांवची माहिती मिळवून सरकारापुढें मांडिली. १८७७ च्या दिल्ली दरबारास जोशी सभेतर्फे त्याच जाड्याभरड्या पोषाखांत गेले. जुलै १८७८ पासून सभेचें त्रैमासिक निघूं लागलें. जोशी १८८० सालीं वारले. पांच वर्षांनीं राष्ट्रसभेची पहिली बैठक पुण्यास, सभेच्या विद्यमानें, पर्वतीनजीकच्या पेशव्यांच्या बागेंत भरावयाची ठरली होती. पटकीच्या सांथीमुळें ती २८ डिसेंबर १८८५ रोजीं मुंबईस भरली. सांथ आली नसती तर देवळाच्या तक्रारींतून निघालेल्या संस्थेचे पाहुणे म्हणून सगळ्या देशाचे प्रतिनिधि त्याच टेंकडीच्या पायथ्याशीं बसले असते.

आतां असें कोणी विचारील कीं, यांत धर्म तो किती? देवस्थान हें निमित्त, खरें काम राजकारणाचें. आम्हांस हें म्हणणें उथळ वाटतें. देवाची मिळकत ही कल्पनाच अशी आहे कीं, तिचा धनी देव. वहिवाटदार कितीही मोठा असला तरी तो सेवेकरी. जेथें मनुष्य धनी नाहीं तेथें हिशेब विचारण्यास कोणाची बंदी चालत नाहीं. भक्ताच्या अंगीं ही वृत्ति पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. सारा, कर आणि खजिना यांजकडे याच दृष्टीनें पाहतां येतें, राज्य करणाराही वहिवाटदारच, हा विचार इंग्रजी ग्रंथांवरून पुण्यास येण्यापूर्वीं पर्वतीच्या पायऱ्यांवर चढत-उतरत होता. ग्रंथांनीं त्याला शब्द दिले.

परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या पोटांत कोण कोण होतें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. ज्यांस पर्वतीच्या गाभाऱ्यापाशीं जातां येत नव्हतें त्यांस तिच्या हिशेबाची चौकशी करण्यास कोणी बोलाविलें नसणार, हें उघड आहे. सभेच्या स्थापनेनंतर साडेतीन वर्षांच्या आंत, २४ सप्टेंबर १८७३ रोजीं, याच शहरांत जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज काढिला. देव आणि भक्त यांच्यामध्यें मध्यस्थ नको हें त्याचें मुख्य सूत्र. सभेनें देवाच्या कारभाऱ्यांस जाब विचारला. फुल्यांनीं कारभारीपणालाच जाब विचारला. दोघांचीही भाषा धर्माची आणि दोघांचेंही काम लोकांचें, पण त्यांची वाट एक झाली नाहीं.

१८९३–९४ पासून तोच ‘सार्वजनिक’ शब्द गणेशोत्सवास लागला. देवळांतून निघून सभेंत गेलेला शब्द पुनः देवाकडे आला. १८९५ सालीं सभा टिळकपक्षाच्या हातीं गेली, १८९६ सालीं रानडे-गोखले यांनीं डेक्कन सभा वेगळी काढिली, आणि १८९७ सालीं सरकारनें सार्वजनिक सभेस लोकांच्या वतीनें बोलणारी संस्था म्हणून मानण्याचें सोडलें. हे वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. मात्र १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं पर्वतीवर जें झालें त्याचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठीं सत्याग्रह करीत त्या पायऱ्या चढावयास निघाले. त्यांच्या बाजूस स्पृश्यांपैकीं एस. एम्. जोशींसारखे तरुणही उभे होते. दरवाजे बंद राहिले आणि सत्याग्रहींवर दगड पडले. जानेवारी १९३० पर्यंत सत्याग्रह चालला, पण देऊळ उघडलें नाहीं. मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ सालीं. १८७० च्या मंडळींनीं पंचांस विचारलें होतें, हें देवस्थान तुमच्या घरचें आहे काय? एकोणसाठ वर्षांनीं तोच प्रश्न त्यांच्या वारसांस विचारला गेला, आणि विचारणारांपाशीं मुखत्यारनामा नसला तरी त्यांचा दावा पहिल्याहून दुबळा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. जुन्या वकिलांच्या आणि देवस्थानांच्या वहिवाटदारांच्या घरीं जीं दप्तरें असतात त्यांत सनदा, निवाडे, मोठ्यांचीं पत्रें एवढेंच वेंचून बाकीचें रद्दी म्हणून टाकून देण्याची चाल अद्याप गेलेली नाहीं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील किती कागद गेले याची आठवण ताजी असलेलीं माणसें आतां थोडीं राहिलीं आहेत. जें वांचलें तें तरी नीट पाहिलें पाहिजे. मुखत्यारनामा हातीं आला तर त्याचा मजकूर उतरून घेऊन थांबूं नये, कारण मजकूर बहुधा ठराविक सांच्याचा असावयाचा. खालचीं नांवें सर्व उतरावीं. नांवापुढें गांव, पेठ, जात किंवा धंदा लिहिला असेल तो गाळूं नये. सही कोणाची, निशाणी कोणाची, दुसऱ्याच्या हातानें लिहिलेलें नांव कोणाचें, हें वेगळें नोंदावें. देवस्थानच्या पंचांचे जमाखर्चाचे कागद आणि त्यांजविरुद्धचे अर्ज मिळाल्यास ते याच गठ्ठ्यांत ठेवावे, धार्मिक म्हणून निराळे काढूं नयेत.