पेशींच्या घड्याळावर चालणारा दिवस

सकाळी सहा
मी अजून कोथरूडच्या घरी असते, पण उरवड्यात उंदरांच्या खोल्यांतले दिवे टायमरवर लागलेले असतात. बारा तास उजेड, बारा तास अंधार. डोळ्यांच्या पडद्यावर मेलॅनोप्सिन असलेल्या थोड्या पेशी असतात. उजेड झाल्याचं त्या मेंदूला कळवतात आणि रात्रभर तयार होत असलेलं मेलाटोनिन थांबतं. आमचं वेळापत्रक या निरोपाभोवती आखलेलं असतं.

साडेसात
चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट, तिथून आत उरवडे. इंटॉक्स ही विषविज्ञान प्रयोगशाळा याच गावातली. मी करते ते कामही त्याच जातीचं. नवं औषध किंवा कीटकनाशक माणसापर्यंत पोचण्याआधी ते शरीरात काय करतं हे पाहायचं. 2011 मध्ये भारत ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला. तेव्हापासून नियमांनुसार इथे झालेली चाचणी त्या देशांत पुन्हा करावी लागत नाही. तेवढे प्राणी वाचतात, आणि माझ्या लेखी या कराराचं खरं मोल तेच आहे.

आत जाण्याआधी आंघोळ, मग आत वापरायचे कपडे. गजरा, अत्तर, वासाचं तेल, सगळं बाहेर. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं की पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांचा ताण वाढतो आणि दुखण्याला मिळणारी प्रतिक्रिया मंदावते. नाकातल्या पेशींनी टिपलेला वास थेट आमच्या आकड्यांत उतरू शकतो.

साडेआठ
फेरी. तापमान 22 अंशांच्या आसपास, दमटपणा सत्तर टक्क्यांच्या आत. मुळशीच्या पावसाळ्यात हा दुसरा आकडा राखायला यंत्रांना दिवसरात्र राबावं लागतं. पिंजरे सांभाळणारे काका गावातलेच. "मॅडम, अकरा नंबरची आज कोपरा सोडत नाहीये," ते सांगतात. मी तसं लिहून घेते आणि पशुवैद्यांना बोलावते. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना जे दिसतं ते कुठलंही यंत्र दाखवत नाही, असं माझं ठाम मत आहे.

साडेनऊ
दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम. मादी उंदराच्या योनिमार्गात सलाइनचे एक-दोन थेंब सोडायचे, अलगद परत ओढून काचपट्टीवर घ्यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, ठळक केंद्रक असलेल्या पेशी दिसल्या तर मादी माजावर येण्याच्या बेतात आहे. केंद्रक हरवलेले चपटे, कडक तुकडे दिसले तर माज आलाय. पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर तो ओसरलाय. चार-पाच दिवसांत हे चक्र पुरं होतं. लाँग आणि इव्हान्स यांनी 1922 मध्ये ते बारकाईने मांडलं. पुढच्याच वर्षी ॲलन आणि डॉयझी यांनी बीजांडकोश काढलेल्या माद्यांना बीजपुटिकेतल्या द्रवाचा अर्क टोचला, आणि काचेवर तेच कडक तुकडे दिसू लागले. इस्ट्रोजेनचा शोध या साध्या काचपट्टीवरून लागला.

आत काय घडतं तेही विलक्षण आहे. ॲड्रेनलिनसारखं हार्मोन पेशीच्या आत जात नाही. ते बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि आत दुसराच रेणू निरोप पुढे नेतो. तो रेणू शोधल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना 1971 चं नोबेल मिळालं. इस्ट्रोजेन मात्र पेशीचं आवरण ओलांडून स्वतः आत शिरतं, आपल्या रिसेप्टरला धरतं आणि ही जोडी डीएनएवर बसून जनुकं चालू करते. म्हणून त्याचा परिणाम सेकंदांत न दिसता काही तासांनी पेशींचा आकारच बदलून दिसतो. तपासणीच्या पदार्थाने हे चक्र लांबलं किंवा अडलं, तर रक्ताच्या अहवालाआधी काचपट्टीवर कळतं.

अकरा
रक्ताचे नमुने. इथे हात हलके आणि झटपट लागतात. पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांनी रक्तात कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं हार्मोन चढू लागतं. मेंदू पियुषिकेला सांगतो, पियुषिका अधिवृक्क ग्रंथीला, आणि आपण मोजतो ती आपणच दिलेली भीती. म्हणून शेजारच्या पिंजऱ्याजवळ रक्त काढत नाही, आणि खोलीत मोठ्याने बोलायचं नाही.

आज थायरॉइडची हार्मोन्स पाहायची आहेत. काही पदार्थांमुळे यकृत त्यांतलं टी-फोर लवकर निकामी करून बाहेर टाकतं. रक्तातलं टी-फोर घटलं की पियुषिका थायरॉइडला चालना देणारं टीएसएच वाढवते आणि थायरॉइडच्या पेशी फुगतात. मात्र माणसाच्या रक्तात टी-फोरला घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते प्रौढ उंदरात जवळपास नसतं. उंदराचं टी-फोर एका दिवसाच्या आत निम्मं होतं, माणसाचं व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे उंदराची ग्रंथी वाढली म्हणून माणसाचीही वाढेलच असं लिहिता येत नाही. हा फरक अहवालात नेमका मांडण्यासाठी मी वाटेल तितका वेळ देते.

दीड
डबा.

अडीच
आता काही प्रश्न प्राण्याला हात न लावताही विचारता येतात. माणसाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आणि त्याला जोडलेलं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवलेलं असतं. पदार्थाने रिसेप्टर जागा केला की प्रकाश मोजता येतो. ओईसीडीने ही पद्धत 2009 मध्ये स्वीकारली. मी तिच्या बाजूची आहे. पण यकृत, पियुषिका आणि थायरॉइड यांच्यातला संवाद एकट्या पेशीत होत नाही, म्हणून प्राण्यांचं काम अजून संपलेलं नाही.

साडेपाच
उद्याची यादी. पदार्थ न दिलेले सगळे कंट्रोल आधी आणि जास्त मात्रेचे शेवटी असं कधीच ठेवत नाही. दिवस चढतो तसं कॉर्टिकोस्टेरोन आपोआप वाढत जातं आणि अंधार पडण्याच्या सुमारास शिगेला पोचतं. क्रम तसा ठेवला तर निव्वळ वेळेचा फरक औषधाचा परिणाम म्हणून छापला जाईल. मी गट मिसळून नवा क्रम लावते, सही करते, वेळ लिहिते, आणि सहाला दिवे मालवण्याआधी कागद काकांच्या हाती देते.