शेजारच्या सीटवरचा माणूस

जानेवारी 2022 मध्ये वाघोलीच्या बायकांची सहल शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला गेली होती. परतताना मिनीबसच्या ड्रायव्हरला फिट आली. गाडी थांबली आणि तो कोसळला. मुलं रडू लागली. योगिता सातव यांना कार येत होती, बस त्यांनी कधी चालवलेली नव्हती. तरी त्या स्टिअरिंगवर बसल्या, सुमारे 10 किलोमीटर गाडी नेली आणि ड्रायव्हरवर वेळेत उपचार झाले. त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मी दौंडचा, रेल्वे इंजिनावर नोकरी करून निवृत्त झालेला. मला तेव्हापासून एकच गोष्ट टोचते आहे. त्या बसमध्ये गाडी येणारी बाई होती, हे नशीब. इंजिनात आणि विमानात ही गोष्ट नशिबावर सोडलेली नसते.

ऑगस्ट 2021 मध्ये बिमान बांगलादेशचं बोइंग 737 मस्कतहून ढाक्याला चाललं होतं. रायपूरच्या आसपास कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने कोलकात्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलं, विमान नागपूरकडे वळवलं आणि सुखरूप उतरवलं. शंभराहून जास्त प्रवासी वाचले. कॅप्टन मात्र काही दिवसांनी नागपुरातच गेले. सहवैमानिकाच्या हातून हे झालं, कारण त्याचा सराव झालेला असतो. सिम्युलेटरमध्ये शेजारचा माणूस मुद्दाम गप्प होतो, आणि विमान ताब्यात घेऊन उतरवायचं काम याच्यावर पडतं.

धाडकन कोसळणारा माणूस निदान दिसतो तरी. जास्त धोका त्याचा, जो ताठ बसलेला असतो, डोळे उघडे असतात, पण डोकं चालत नसतं. 18 जून 1972 रोजी लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडंट विमान पडून सगळे 118 जण गेले. कॅप्टनच्या हृदयाला आजार होता, हे शवविच्छेदनात कळलं. पंखांच्या पुढच्या पट्ट्या फार लवकर आत घेतल्या गेल्या आणि शेजारच्यांच्या हातून वेळीच सावरलं गेलं नाही. त्यानंतर वैमानिकांना या गोष्टीचं शिक्षण देण्यावर भर आला. आज अनेक विमान कंपन्यांत साधा नियम आहे: दोनदा विचारूनही नीट उत्तर आलं नाही, तर समोरचा आजारी आहे असं धरायचं आणि विमान हातात घ्यायचं. तो वयाने, हुद्द्याने कितीही मोठा असो.

आमच्या कॅबमध्येही हेच आहे. सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने म्हणायचं, ‘डबल यलो’, आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. नव्या पोरांना हा नुसता रिवाज वाटतो. पण पहाटे तीनला, यवत सोडून केडगावकडे येताना उत्तर जरा जड आलं, की असिस्टंटची मान आपोआप वळते. शिवाय कॅबमध्ये व्हिजिलन्सचं यंत्र असतं. साधारण मिनिटभर हॉर्न नाही, ब्रेक नाही, थ्रॉटल नाही, बटणही दाबलं नाही, तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो. तरी हालचाल नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमन एकटा असतो, तिथे हँडलवरचा हात सुटला की गाडी थांबते. आगगाडीला थांबणं हा उपाय असतो. विमानाला तो नाही, म्हणून तिथे दुसरा माणूस लागतोच.

मेडिकलही असतं. आमची तपासणी 45 वर्षांपर्यंत दर 4 वर्षांनी, पुढे दर 2 वर्षांनी, 55 नंतर दरवर्षी. वैमानिकांची त्याहून कडक. तरीही 17 ऑगस्ट 2023 रोजी नागपूरहून पुण्याला निघायच्या विमानाचा कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. डॉक्टर धोका कमी करतात, शून्य करत नाहीत.

आणि डॉक्टरला खरं सांगितलं तरच. रेल्वेत डोळे किंवा हृदय बिघडलं, तर इंजिनावरून उतरवतात, पण दुसरं काम देतात. म्हणून आमचा माणूस त्रास सांगायला धजतो. न्हावरे-चौफुला रस्त्यावर रात्री कारखान्याच्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने, किंवा दिवसावर ठरलेल्या मिनीबसवाल्याने, फिट येते हे कोणाला सांगायचं? लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये तो प्रश्न स्पष्ट छापलेला आहे. खरं लिहिलं तर चूल बंद. त्याला दुसरं काम मिळेल अशी सोय गाडीमालकांनी आणि कारखान्यांनी करावी, असं मी प्रत्येक सभेत सांगतो.

तोवर सहलीला निघताना एवढं बघा. ड्रायव्हर रात्रभर जागा नाही ना, गोळ्या चालू आहेत का, हे सरळ विचारा. गाडी येणाऱ्या माणसाला पुढे बसवा, हँडब्रेक आणि चावी कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. ड्रायव्हरचं बोलणं अडखळलं, गाडी पट्टा सोडू लागली, तर दोनदा हाक मारा आणि गाडी बाजूला घ्यायला लावा, कोणाचा मान राखत बसू नका. फिट आलीच तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सैल करा, घड्याळ बघा आणि 108 लावा.