उतारवयातील मद्यपान आणि लैंगिक जीवन : सहसंबंध कसा वाचावा?

या पाठात आपण वार्धक्यविषयक सर्वेक्षणांतून निघणारा एक फसवा निष्कर्ष तपासू. साठीपुढील लोकांच्या काही पाहण्यांत थोडीफार दारू घेणाऱ्यांमध्ये लैंगिक संबंध चालू असणाऱ्यांचे प्रमाण, अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसते. मग दारूमुळे कामजीवन टिकते असे म्हणायचे का?

आधी मूळ प्रश्न. या वयात लैंगिक संबंध असतात का? अमेरिकेत २००५-०६ मध्ये ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांची पाहणी झाली. ५७ ते ६४ वयोगटात ७३ टक्के, ६५ ते ७४ मध्ये ५३ टक्के आणि ७५ ते ८५ मध्ये २६ टक्के लोकांचे संबंध चालू होते. जोडीदार असूनही संबंध थांबले, त्यांनी सर्वाधिक सांगितलेले कारण होते पुरुषाची शारीरिक प्रकृती. हे कारण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता समजा, तुम्ही लखनौमध्ये २०० वृद्ध पुरुषांची पाहणी केली (आकडे केवळ उदाहरणासाठी). १०० जण दारू घेतात, १०० घेत नाहीत. घेणाऱ्यांपैकी ७० जणांची प्रकृती ठणठणीत आहे आणि पत्नी हयात आहे. उरलेले ३० आजारी किंवा विधुर आहेत. न घेणाऱ्यांत हीच विभागणी ४० आणि ६० अशी आहे. पहिल्या प्रकारातील निम्म्या लोकांचे संबंध चालू आहेत, दुसऱ्या प्रकारातील फक्त दहा टक्क्यांचे. दारू घेवोत वा न घेवोत. बेरीज करा. घेणाऱ्यांत ३५ अधिक ३ म्हणजे ३८, न घेणाऱ्यांत २० अधिक ६ म्हणजे २६. दारूचा काडीचाही परिणाम नसताना बारा जणांचा फरक दिसला!

न घेणाऱ्यांत आजारी जास्त का? कारण मधुमेह, यकृताचा विकार किंवा हृदयविकार झाल्यावर डॉक्टरांनी अनेकांची दारू बंद केलेली असते. त्यामुळे ‘आयुष्यात कधीच न घेतलेले’ आणि ‘सोडलेले’ यांना एका रकान्यात टाकणे ही मोठी चूक ठरते.

शरीरात घडते ते तर उलटच. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, म्हणून तेवढ्याच पेल्याने रक्तातील मद्याची पातळी अधिक चढते. मद्य मेंदूचे कार्य मंदावते. संकोच कमी होतो खरा, पण ताठरता येणेही अवघड होते. दीर्घकाळ अतिमद्यपान केल्यास पुरुषी संप्रेरक घटते व नसा दुबळ्या होतात. रक्तदाबाच्या गोळ्या किंवा सिल्डेनाफिल यांच्या जोडीला मद्य असेल तर दाब आणखी उतरून चक्कर येऊ शकते. या वयात पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो.

भारतात माहितीचीच अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष आणि १ टक्का स्त्रिया मद्य घेत असल्याचे आढळले. लैंगिक जीवनाचे प्रश्न मात्र स्त्रियांना ४९ आणि पुरुषांना ५४ वर्षांपर्यंतच विचारले जातात. पन्नाशी ओलांडलेली स्त्री या तक्त्यांतून नाहीशीच होते. म्हणून परदेशी निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडील बहुतेक वृद्ध स्त्रिया मद्य घेत नाहीत, अनेक विधवा आहेत, आणि एकत्र कुटुंबात स्वतंत्र खोली मिळणे हाही एक घटक आहे. प्रश्नावली बनवताना तो सहसा सुटतो.

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पण तिथे काय किंवा तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात काय, म्हातारा माणूस बहुधा मुलाबरोबर किंवा सुनेबरोबर येतो. त्यांच्यासमोर ‘बाबूजी, आप पीते हैं?’ विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार, आणि दुसरा प्रश्न तर तोंडातून निघणारच नाही. मुलाखत एकांतात घ्या. आधी झोप, औषधे, पथ्यपाणी विचारा, मग दारू, मग पती-पत्नीमधील जवळीक. दारू ‘कधी सोडली आणि का’ हा प्रश्न वेगळा नोंदवा. वरच्या उदाहरणातील बारा जणांच्या फरकाचा उलगडा त्याच उत्तरातून सुरू होतो.