तार ओढतो आपला मुलगा, सही कुणाची?

14 एप्रिल जवळ आला की वस्तीतली मुलं एका रात्रीत मांडवाची वायरिंग उभी करतात. पण तात्पुरत्या वीजजोडणीच्या अर्जाला चाचणी अहवाल लागतो, आणि त्यावरच्या सहीसाठी आपण परवानाधारक ठेकेदार शोधत फिरतो. बांधकामाच्या साइटवरही हेच चालतं. दहा-बारा वर्षं भिंतीत पाइप टाकून, तार ओढून हात तयार झालेला मुलगा हजेरीच्या वहीत 'हेल्पर'च राहतो. काम त्याचं, कागद दुसऱ्याच्या नावे.

हा कागद कायद्यातून येतो. वीज कायदा 2003 खालच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम राज्य सरकारची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदारानेच करायचं असतं. त्यावर देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची आणि हात परवानाधारक तारतंत्र्याचा, म्हणजे वायरमनचा. अशा तीन पायऱ्या आहेत. आपली बहुतेक मुलं पहिल्या पायरीच्याही खाली उभी आहेत, आणि तिथे अपघात झाला तर 'हा आमचा माणूसच नव्हता' असं म्हणायला मालक मोकळा असतो.

वर चढायचा सरळ रस्ता आयटीआयमधून जातो. वायरमनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्याला आठवी पास चालतं. इलेक्ट्रिशियनलाही दोन वर्षंच, पण दहावी हवी, विज्ञान-गणितासह. राज्यात अनुसूचित जातींसाठी 13 टक्के जागा आहेत आणि त्यात आपली मुलं येतात. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करावी. 1961 च्या कायद्याने त्या काळात विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक आहे.

आयटीआय न केलेल्यांसाठी तारतंत्री परीक्षा आहे. खरी अडचण तिथेच येते. अनुभवाचा दाखला लागतो आणि तो परवानाधारक ठेकेदाराकडूनच मिळवावा लागतो. स्वस्तातला तयार हात हातचा जाईल म्हणून तो टाळाटाळ करतो. म्हणून आमचं सांगणं असं की कामाला लागतानाच त्याचा परवाना क्रमांक विचारून घ्या. परवाना नसलेल्याकडे वर्षं घालवू नका. साइट, तारीख, केलेलं काम एका वहीत लिहीत जा आणि दाखला वर्षाच्या वर्षाला मागा. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नावही आत्ताच जुळवून घ्या.

परीक्षेत घोकंपट्टीचा फारसा उपयोग नाही. स्विच फेजमध्येच का, न्यूट्रलमध्ये का नको? अर्थिंग कशासाठी? मेगरने 500 व्होल्ट डीसीवर एक मिनिट तपासल्यावर इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगओहम यावा लागतो, तो का? हाताला येणाऱ्या कामाचं कारण तोंडाने सांगता आलं पाहिजे.

दोन कागदांबाबत गैरसमज फार आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला मिळते. ती जरूर करा, योजनांचे लाभ तिच्यावरच मिळतात. पण तो वायरिंगचा परवाना नाही. कौशल्य योजनेचं चार-आठ दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्रही नाही, त्यावर फोटो कितीही मोठा असो.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता. तांत्रिक प्रशिक्षणावर त्यांचा भर होता. आपण जयंतीला हे भाषणात सांगतो, पण वस्तीत किती जणांकडे तारतंत्री परवाना आहे याची यादी कुठल्या मंडळाकडे आहे?

कार्यकर्त्यांनी ती यादी या महिन्यात करावी. परीक्षेच्या अटी आणि शुल्क विद्युत निरीक्षक कार्यालयातूनच विचारून घ्यावं, दलालाकडून नको. वस्तीतल्या कुणाकडे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असेल, तर रविवारी विहारात दोन तास त्यांच्याकडून मागून घ्यावेत. एक जुना बोर्ड, थोडी तार आणि एक मेगर एवढं सामान सुरुवातीला पुरतं.