न दुखणारी गाठ आणि खिशातली बिडी

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्यापाशी थांबल्या. पिशवीतून त्यांनी मिस्टरांचे रिपोर्ट काढले. मिस्टरांच्या मानेला, जबड्याखाली, लिंबाएवढी गाठ होती. दुखत नव्हती, तापही नव्हता, म्हणून चार महिने कामावर जाणे सुरूच राहिले. मध्ये दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. शेवटी तपासणीत कॅन्सर निघाला आणि त्याचे मूळ टॉन्सिलमध्ये सापडले. रिपोर्टवर ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ लिहिलेले. ताईंना वाटले, पॉझिटिव्ह म्हणजे सगळे संपले.

तसे नाही. या आजारात तो शब्द बऱ्याच अंशी दिलासा देणारा आहे.

आपल्या वस्तीत कॅन्सर म्हटले की खर्रा, गुटखा, मिश्री आणि गालातली जखम आठवते. ते बरोबरच आहे, भारतात तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखूच आहे. पण टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या भागात एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळेही कॅन्सर होतो. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू हाच. घशात बहुतेक वेळा त्याचा १६ नंबरचा प्रकार सापडतो. पी-१६ ही तपासणी या विषाणूची खूण दाखवते.

हा विषाणू शरीरसंबंधातून, मुखमैथुनातूनही, येतो. हे वाचून घरात भांडण नको. लागण फार जणांना होते, बहुतेकांच्या शरीरातून ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. ज्यांच्यात टिकते त्यांतल्या थोड्यांना अनेक वर्षांनी कॅन्सर होतो. त्यामुळे आज कोणावर संशय घेण्यात अर्थ नाही. आणि कॅन्सर स्वतः एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पेशंटचे ताट-पेला वेगळा काढू नका. वेगळ्या पेल्याचे दुःख काय असते, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

आता दिलाशाची गोष्ट. अमेरिकेत घशाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या ३२३ पेशंटचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. विषाणूमुळे कॅन्सर झालेल्यांपैकी तीन वर्षांनी सुमारे ८२ टक्के हयात होते. विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के. विषाणूचा कॅन्सर शेक आणि केमोला जास्त दाद देतो.

पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या सिगारेटी मोजल्या. रोज वीसचे एक पाकीट वर्षभर ओढले की एक ‘पाकीट-वर्ष’. रोज दहा सिगारेटी वीस वर्षे ओढल्या तर दहा पाकीट-वर्षे. विषाणू असलेले आणि दहापर्यंतच ओढलेले पेशंट ज्या गटात होते, त्या गटात तीन वर्षांनी ९३ टक्के हयात होते. दहापेक्षा जास्त ओढलेले आणि मानेतल्या गाठीही पसरलेले पेशंट ज्या गटात होते, तिथे ७१ टक्के. विषाणू तोच, उपचारही तेच. धुराने मिळालेली सवलत कापून नेली. हे आकडे सिगारेटचे आहेत, पण बिडीवाल्यांनी सुटलो असे समजू नये. बिडीही जाळलेला तंबाखूच.

बरा होणारा कॅन्सर आहे म्हणून उपचार हलके करून मागू नका. नेहमीच्या सिस्प्लॅटिन केमोऐवजी सौम्य समजले जाणारे दुसरे औषध देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ साली आले. त्या औषधावरचे पेशंट कमी वाचले. शेक साधारण सात आठवडे, आठवड्याला पाच दिवस असतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात गिळणे अवघड होते, तोंड कोरडे पडते, रोजंदारी बुडते आणि माणूस घरी बसतो. नेमके तेव्हाच सोडायचे नसते. शेक सुरू होण्याआधी दात तपासून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात; रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

मानेतली गाठ, एकाच बाजूचा घसा किंवा कान दुखणे, घास अडकणे, आवाज बदलणे, यातले काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाच दाखवा. गाठ दुखत नाही, हे थांबण्याचे कारण नाही.

एचपीव्हीची लस आहे, पुण्यात बनणारीही आहे. ती नऊ ते चौदा वयात, लागण होण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी. झालेल्या कॅन्सरवर तिचा उपयोग नाही. मुलीच्या लसीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा आणि मुलाबद्दलही विचारा, कारण घशाचा हा कॅन्सर पुरुषांना जास्त होतो.

ताईंना आम्ही तंबाखू सोडवण्याचा सरकारी मोफत नंबर लिहून दिला: १८००-११-२३५६. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी मोजायला सांगितलं होतं. काल रात्री आम्ही दोघं बसून मोजल्या, ह्यांच्या अठराव्या वर्षापासून. मोजता मोजता हेच उठले आणि बंडल चुलीत टाकून आले.” शेक सोमवारपासून सुरू होणार आहे.