शब्दांनी दाखवलेला खेळ

तिकीट काढून सामन्याला जायचं आणि तिथेही कानाला ट्रान्झिस्टर लावायचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. बाळ ज. पंडित यांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला तर नाहीच नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला बास्केटबॉलचे प्रेक्षक हेच करत. त्यांना हवा असायचा तो आवाज होता चिक हर्न यांचा.

लेकर्स हा संघ १९६० मध्ये मिनिआपोलिसहून लॉस एंजेलिसला आला. हर्न १९६१ च्या मार्चमध्ये त्यांचे समालोचक झाले. बास्केटबॉल त्या शहरात अजून रुजायचं होतं. तो कसा पाहायचा, हे लोकांना हर्न यांच्या रेडिओनं शिकवलं.

हे काम सोपं नव्हतं. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला सवड मिळते. इथे चोवीस सेकंदांच्या आत चेंडू बास्केटकडे टाकावाच लागतो. हर्न आधी दिशा सांगत: लेकर्स तुमच्या रेडिओच्या तबकडीवर डावीकडून उजवीकडे निघाले आहेत. एवढ्यानं ऐकणाऱ्यापुढे मैदान उभं राही. मग चेंडू कुणाकडे, बास्केटपासून किती फुटांवर, गुण किती, वेळ किती उरला, हे सगळं धडाधड येई. ‘स्लॅम डंक’, ‘एअर बॉल’ हे शब्द त्यांच्याच तोंडून रूढ झाले. सामन्याचा निकाल नक्की झाला, की तो ‘फ्रिजमध्ये गेला’ म्हणत. दार बंद, दिवा गेला, अंडी गार होताहेत, लोणी घट्ट होतंय, जेली थरथरतेय! उशाखाली ट्रान्झिस्टर ठेवून झोपायचं सोंग घेणारी मुलंही या वाक्याची वाट पाहत, अशा आठवणी चाहते अजून सांगतात.

तक्रारीही होत्या. बरीच वर्षं त्यांचं एकच समालोचन रेडिओ आणि टीव्ही दोन्हीवर जाई. टीव्हीवाले म्हणत, डोळ्यांना दिसतंय ते कशाला सांगता? शेजारच्या सहकाऱ्याला बोलायला वाव मिळत नाही, असंही काही जण म्हणत. ते लेकर्सच्या बाजूचे आहेत हा आक्षेप होताच. पण संघ ढिला खेळला, तर त्याला खडसावणारेही तेच. मला वाटतं, अखंड बोलण्याचं कारण सरळ आहे. ज्याला दिसत नाही, त्याला ते अर्धवट सामना द्यायला तयार नव्हते.

२१ नोव्हेंबर १९६५ ते १६ डिसेंबर २००१ या काळात त्यांनी सलग ३,३३८ सामने सांगितले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनं ही साखळी तुटली. पाठोपाठ खुब्याचं हाड मोडलं, तरी एप्रिल २००२ मध्ये ते परत आले. जूनमध्ये लेकर्सचं अजिंक्यपदही त्यांनीच ऐकवलं. ५ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.

लेकर्सच्या स्टेडियमबाहेर २०१० मध्ये त्यांचा पुतळा बसवला. हर्न टेबलाशी बसले आहेत आणि शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. चाहते तिथे बसून फोटो काढून घेतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)